उघड्या वाड्याच्या किल्ल्या

एका घरात दहा माणसे नांदायची असली, म्हणजे दोन गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात. कोणती वस्तू कोठे ठेवायची, ही एक; आणि कोणत्या खोलीची किल्ली कोणाच्या कमरेला असायची, ही दुसरी. या दोन गोष्टी ठरल्या नाहीत, तर वाडा कितीही मोठा असो, त्याची धर्मशाळा व्हायला वेळ लागत नाही. संगणकाच्या पोटात जी कारभारी व्यवस्था असते, जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तिचे शास्त्रही पुष्कळसे याच दोन प्रश्नांपाशी येऊन ठेपते. त्यातही 'लिनक्स' या व्यवस्थेची गोष्ट मोठी मौजेची आहे. तिचा आराखडा, अगदी प्रत्येक ओळ, कोणालाही मोफत वाचता येते. आणि तरीही तिच्या आत पावलोपावली कुलुपे आहेत. वाडा उघडा आणि खोल्या बंद, हा मेळ बसला कसा?

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९६० च्या दशकातला मोठा संगणक म्हणजे खोली भरून टाकणारे, लाखो डॉलर किमतीचे धूड. ते एकाच्या हाती देऊन बाकीच्यांनी ताटकळत बसावे, हे कोणालाच परवडणारे नव्हते. म्हणून एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वाटून घ्यायची कल्पना निघाली. अमेरिकेतील एमआयटी ही शिक्षणसंस्था, जनरल इलेक्ट्रिक ही कंपनी आणि बेल टेलिफोनची प्रयोगशाळा यांनी मिळून 'मल्टिक्स' नावाचा प्रचंड घाट घातला. पसारा वाढत गेला, काम काही हातावेगळे होईना. आणि १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले. तिथले केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची हे दोन तरुण मात्र हळहळले. चार माणसांनी एका यंत्राभोवती जमून काम करण्यात जो सहवास लाभतो, तो त्यांना गमवायचा नव्हता. न्यू जर्सीतल्या मरे हिल येथे फारसे कोणी न वापरणारे पीडीपी-७ हे यंत्र टॉम्प्सनच्या हाती लागले. त्या उन्हाळ्यात त्याची पत्नी लहानग्या मुलाला घेऊन नातलगांकडे कॅलिफोर्नियाला गेली. घर रिकामे, हात मोकळे! तीन-चार आठवड्यांत या गृहस्थाने नव्या व्यवस्थेचा सांगाडा उभा केला. मल्टिक्सची थट्टा म्हणून तिचे नाव पडले 'युनिक्स'. आजचे लिनक्स हे याच घराण्याच्या वळणावर वाढलेले आहे.

पहिला प्रश्न वस्तू कोठे ठेवायची याचा. युनिक्सने तो एका झाडाने सोडवला. हे झाड उलटे आहे. मूळ वर आणि फांद्या खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ ज्यांना आठवतो, त्यांना ते समजावून सांगायला नको. मूळ म्हणजे नुसती एक तिरपी रेघ. तिच्याखाली 'होम' नावाच्या फांदीवर प्रत्येकाची स्वतःची खोली; 'ईटीसी'मध्ये कारभाराचे नियम; 'व्हार'मध्ये रोजकीर्द, म्हणजे कोण आले, काय घडले, काय बिघडले याच्या नोंदी; 'टीएमपी'मध्ये तात्पुरता पसारा. इतकेच काय, छपाईचे यंत्र, कळफलक, साठवणीची तबकडी यांनाही याच झाडावर 'डेव्ह' या फांदीखाली फायलींसारखीच जागा. सारे काही फाईल मानले, की सगळ्यांना एकच नियम लावता येतो.

आज्ञाही तशाच आटोपशीर. यादी पाहायला 'एलएस', नक्कल करायला 'सीपी', हलवायला 'एमव्ही'. याचे एक कारण अगदी व्यवहारी होते. त्या वेळचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला जेमतेम १० अक्षरे छापी आणि त्याच्या कळा दाबताना बोटे दुखत. तिथे लांबलचक शब्द कोण लिहीत बसणार? प्रत्येक आज्ञेने एकच काम करावे, पण नेटके करावे. मोठे काम निघाले, तर लहान आज्ञा एकीला एक जोडाव्यात. बागेतल्या पाण्याच्या नळ्या जोडतात तसे हे कार्यक्रम जोडता यावेत, असे डग मॅकिलरॉय याने १९६४ मध्येच लिहून ठेवले होते. १९७३ मध्ये टॉम्प्सनने ते एका रात्रीत करून दाखवले. एका आज्ञेतून निघालेले दुसरीत शिरते, दुसरीतले तिसरीत. मधली खूण म्हणजे एक उभी रेघ.

आता किल्ल्यांचा प्रश्न. प्रत्येक फाईल कोणाची तरी असते आणि तिच्यावर तीन प्रकारचे हक्क असतात: वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, असे हे गुण. ते तिघांना वेगवेगळे मिळतात: मालकाला, त्याच्या गटाला आणि उरलेल्या जगाला. एखाद्या फायलीवर ६४० असा आकडा असला, तर मालकाने वाचावे आणि लिहावे, गटातल्यांनी नुसते वाचावे आणि इतरांनी तिकडे फिरकूच नये, असा त्याचा अर्थ. तिसरीतल्या मुलाच्या बेरजेइतके हे सोपे आहे. परंतु शेकडो माणसे एका यंत्रावर न भांडता नांदली, ती या बेरजेच्या जोरावर.

या साऱ्यांच्या वर एक असामी आहे. तिचे नाव 'रूट', क्रमांक शून्य. तिला कुठलेच दार बंद नाही. वाटेल ती फाईल ती वाचील, बदलील. 'आरएम' या दोन अक्षरांनी अख्खे झाड पुसून टाकील, आणि तिथे केराची टोपलीही नाही की मागाहून हात घालून काढता यावे. म्हणून कारभाराचा पहिला धडा असा, की जो कारभारी आहे त्यानेसुद्धा रोजचे काम साध्या माणसाच्या नावानेच करावे. रूटचा जुडगा गरजेपुरता घ्यावा, काम उरकावे आणि परत खुंटीला लावावा. याची सोय करणारी 'सूडू' ही आज्ञा १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो येथील विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी रचली. ती पहिल्यांदा वापरू जाल, तर पुष्कळ यंत्रे आधी एक लहानसे प्रवचन ऐकवतात: दुसऱ्याच्या खाजगी गोष्टींची बूज राखा, लिहिण्याआधी विचार करा आणि हाती आलेल्या सत्तेची जबाबदारी ओळखा. यंत्राने माणसाला विवेक शिकवावा, याची गंमत वाटते खरी; पण तो धडा माणसांनीच तिथे लिहून ठेवलेला आहे.

गुप्त परवलीचे शब्दही या मंडळींनी कसे ठेवावेत? यंत्रावरच्या सर्वांना वाचता येईल अशा फायलीत! मात्र शब्द तसाच न लिहिता गणिताने त्याचे असे रूप करून लिहीत, की उलट मोजून मूळ शब्द सापडू नये. पुढे यंत्रे वेगवान झाली, तेव्हा ही रूपे 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फायलीत, फक्त रूटलाच दिसतील अशी हलवण्यात आली. टॉम्प्सनच्या जुन्या शब्दाचा उलगडा व्हायला २०१९ साल उजाडावे लागले. बुद्धिबळ खेळणारे यंत्र बनवणाऱ्या या माणसाचा परवलीचा शब्द म्हणजे वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे, ही डावाची सुरुवात होती. पद्धत उघडी असली तरी कुलूप पक्के राहू शकते, ते असे.

पण पद्धत तरी उघडी राहिली का? १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे बेलच्या मालक कंपनीला दळणवळणाबाहेरचा धंदा करायला मनाई होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र किमतीत, आराखड्यासकट मिळू लागले. विद्यार्थी ते वाचत, सुधारत, एकमेकांना देत. पुढे त्यातल्या पैशाची जाणीव झाली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर अट आली, की हा आराखडा वर्गात शिकवायचा नाही. १९८४ मध्ये बेलचे विभाजन झाले, धंद्याची मनाई उठली आणि दारे आणखी मिटली. शिक्षकाच्या हातातले पुस्तक काढून घ्यावे, तसे हे झाले. ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांनी मग विद्यार्थ्यांसाठी स्वतःच 'मिनिक्स' नावाची छोटी व्यवस्था लिहिली. ते वर्ष १९८७. त्याआधी, १९८३ मध्ये, एमआयटीतल्या रिचर्ड स्टॉलमनने 'ग्नू'ची घोषणा केली होती. १९८९ मध्ये त्याने जो परवाना लिहिला, त्याचे सार असे: घ्या, वाचा, बदला, वाटा; मात्र पुढच्याला वाटताना तुम्हीही दार लावून घेऊ नका.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने जाहीर केले, की आपण हौसेखातर एक व्यवस्था लिहीत आहोत, ती काही फार मोठी होणार नाही. पहिल्या खेपेला तिच्या जेमतेम दहा हजार ओळी होत्या. त्याने मनाशी नाव योजले होते 'फ्रीक्स'. पण ॲरी लेम्के या मित्राने ती साठवताना परस्पर 'लिनक्स' लिहिले आणि तेच बारसे ठरले. १९९२ मध्ये तिला स्टॉलमनचा परवाना लागला, ग्नूची हत्यारे तिच्या दिमतीला आली, आणि जगभरच्या लोकांनी आपापली वीट आणून रचली. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पाचशे सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीतले प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालत आले आहे. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने याच पायावर 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची व्यवस्था उभी केली. नकळत का होईना, पुष्कळ घरांत हा कारभारी आज नांदतो आहे.

अशा उघड्या वाड्यात चोर शिरत नाही का? शिरतो, आणि तो भिंत फोडून नव्हे, किल्ली मागून शिरतो. 'एक्सझेड' नावाचे एक लहान हत्यार बहुतांशी एकच स्वयंसेवक सांभाळीत असे. जिया टॅन हे नाव धारण केलेल्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ त्याला इमानाने मदत केली, विश्वास मिळवला, कारभारात वाटा मिळवला आणि २०२४ च्या आरंभी त्या हत्यारात एक चोरदार बसवले. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात प्रवेश करताना अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढेच जाणवले. दुसऱ्या कोणी हात झटकून सोडून दिले असते. त्याने खणायला सुरुवात केली. खणता आले, कारण वाडा उघडा होता. २९ मार्च २०२४ रोजी त्याने सर्वांना सावध केले, आणि ते दार जगभर पसरण्याआधीच बुजवले गेले.

वाडा उघडा ठेवण्यात शहाणपण आहे, ते सगळेच जण भले असतात म्हणून नव्हे. उघड्या वाड्यात अर्ध्या सेकंदाचा हिशेब विचारायला कोणीही पुढे येऊ शकतो, म्हणून. मात्र तो विचारणारा एक तरी जागा असावा लागतो, आणि किल्ली देणाऱ्याने ती कोणाच्या हाती दिली हे लक्षात ठेवावे लागते. तेवढे काम कोणत्याही यंत्राने अजून आपल्या अंगावर घेतलेले नाही.