काका बॅप्टिस्टा आणि मुंबईची नगरसभा

नगरसेवक निवडण्याचा हक्क आमच्या वसईच्या गावांस अलीकडेच मिळाला. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तीही पुष्कळ गावांचा विरोध असताना. पण खाडीपलीकडील एका ख्रिस्ती गृहस्थाने हे काम शंभर वर्षांपूर्वीच करून दाखविले होते. ज्युबिलीच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

जोसेफ बॅप्टिस्टा १८६४ साली माझगावच्या माथारपाखाडीत जन्मले. घराणे मूळचे उत्तनचे. प्रथम स्थापत्य शिकले, मग केंब्रिजला जाऊन कायदा. १९०१ साली ते मुंबई महापालिकेचे सभासद झाले आणि सुमारे १७ वर्षे त्या सभेत राहिले. ती सभा सर्वांची नव्हती. १८८८ च्या कायद्यान्वये ७२ जागांपैकी निम्म्याच, म्हणजे ३६, करदाते निवडीत. १६ सभासद सरकार नेमी, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळी निवडी, उरलेले विद्यापीठाचे व व्यापारी मंडळांचे. ज्याच्या नावे कर नाही, त्यास मत नाही. गिरणीतला मजूर तर हिशेबातच नव्हता. अशा ठिकाणी मूठभर ख्रिस्ती समाजातील मनुष्य इतकी वर्षे टिकला, तो केवळ स्वजातीच्या बळावर टिकला असेल असे आम्हांस वाटत नाही.

१८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, मुंबईच्या आमच्या बांधवांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करून राजनिष्ठा प्रकट केली होती. त्याच समाजाचे बॅप्टिस्टा १९१६ साली लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले! हे धाडस लहान नव्हे. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभारण्यातही ते पुढे होते. मजुरांस मत नव्हते, तरी त्यांची बाजू घेणारा सभासद निघाला. सर्व लोक त्यांस ‘काका’ म्हणत, ते उगीच नव्हे.

१९२२ च्या कायद्याने दरमहा दहा रुपये भाडे भरणारासही मत मिळाले. पुढे १९२५ साली काका महापालिकेचे अध्यक्ष निवडले गेले. त्यांस सर्वत्र महापौर म्हणतात. वस्तुतः ‘महापौर’ ही पदवी १९३१ साली आली आणि काका १९३० च्या सप्टेंबरातच निवर्तले. प्रौढ मताधिकारावर मुंबईची पहिली पालिका निवडणूक झाली ती १९४८ साली.

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर, पालिकेच्या पाण्याच्या जलाशयावर, त्यांच्या नावाचे उद्यान आहे.