तीन मापांची गाडी

जुन्या गाडीचं वय कागदावरून काढू नये, पान्ह्यांवरून काढावं. कराडजवळच्या आमच्या घराच्या पडवीला लागून जी महिंद्र पिकअप उभी आहे, तिच्या आरसी बुकात साल १९६८ आहे. पण ती पूर्ण खोलायची तर पान्ह्यांचे तीन संच काढावे लागतात. गिअरबॉक्स, हौसिंग (म्हणजे मागचा डिफरन्शियल) आणि पुढच्या ॲक्सलला अमेरिकी इंची पाने बसतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या जोडाला व्हिटवर्थचे लागतात. हौदा, अल्टरनेटरची क्लिप, दिव्यांची पट्टी इथे दहा, तेरा, सतरा, म्हणजे एमएम. हयातभर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. आट्यांचे तक्ते मुलांकडून घोकून घेतले. ते तिन्ही तक्ते एकाच गाडीच्या पोटात, आपापल्या काळाच्या क्रमानं लागलेले मिळाले तेव्हा मला वाटलं, हिच्याबद्दल लिहायलाच हवं.

अमेरिकी आटे कुठून आले ते उघड आहे. ओहायो राज्यातल्या टोलेडो गावच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीनं १९४१ पासून लष्करासाठी जीप बांधली. फोर्डनंही तीच बांधली आणि युद्ध संपेपर्यंत दोघांच्या मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या झाल्या. रणांगणावर रात्रीच्या अंधारात, शेतातून उचलून आणलेल्या पोरानं ती दुरुस्त करायची होती. म्हणून तिच्यात लपवलेलं काही नाही. बॉनेट उघडलं की जमीन दिसते. चासी म्हणजे दोन सरळ पट्ट्या. मागे-पुढे कमानीसारखे पाटे. जगभर ही गाडी घरच्या अंगणात खोलली गेली याचं खरं कारण हा साधेपणा आहे, आणि तो ठरवून आणलेला होता.

आपल्याकडे महिंद्र बंधूंनी ती आणली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र यांची कंपनी १९४५ मध्ये निघाली तेव्हा नाव होतं महिंद्र अँड मोहम्मद. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इथे १९४८ मध्ये पाटी बदलून महिंद्र अँड महिंद्र झाली. १९४९ मध्ये ७५ गाड्यांचे सुटे भाग पेट्यांतून आले आणि मुंबईत माझगावला जोडले गेले. त्याच सुमाराला लंडनमार्फत मागवलेल्या जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचं प्रकरण गाजलं: मद्रासला उतरलेल्या १५५ गाड्या लष्करानं नाकारल्या आणि संसदेत लंडनमधले तेव्हाचे उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्यावर टीका झाली. मला त्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दुरुस्त केलेली गाडी आणि चांगली दुरुस्त केलेली गाडी यात किती अंतर असतं, ते या देशाला स्वातंत्र्यानंतर लगेच कळलं होतं.

१९५४ मध्ये विलीजशी करार होऊन महिंद्रनं जीप इथेच बनवायला घेतली. सरकारचं धोरणही तेच होतं. ज्यांना फक्त सुटे भाग जोडायचे होते त्यांना जागा उरली नाही. १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनं १९५४ मध्येच गाशा गुंडाळला. राहिले ते इथे ओतकाम करायला तयार असलेले. महिंद्रनं बनवायला घेतलेल्या जीपच्या नव्या मॉडेलचं बॉनेट जुन्यापेक्षा उंच होतं, कारण आतलं हरिकेन इंजिन उंच होतं: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. पेट्रोलचं, २२०० सीसीचं, चार सिलिंडरचं. आमच्या गाडीत एके काळी हेच होतं. आता नाही. त्या गोष्टीकडे येतोच.

कागदावरचा पहिला मालक एक सरकारी खातं आहे. त्या काळी जीप म्हणजे सरकारच. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना सुरू झाली आणि विकास गटांचे अधिकारी जीपनं गावोगाव फिरू लागले. मलेरियाची फवारणी करणाऱ्यांची जीप, देवी टोचणाऱ्यांची जीप, कोयनेच्या धरणावरची जीप. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि सभापतीची जीप आली. साखर कारखाने उभे राहिले तशी चेअरमनची जीप आली. माझ्या लहानपणी गावाच्या वेशीवर धुरळा दिसला की माणसं आधी टोपी सारखी करायची, मग कोण आलंय ते बघायची.

पण सरकारी गाडीचं सरकारी आयुष्य मोजकं. मग ती लिलावात निघायची. खडकी, देहूरोड, देवळाली अशा छावणीच्या गावांत ही रीत युद्धानंतरच पडली होती. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होता. लिलावातली जीप घ्यायचा तो मेस्त्री, नाहीतर बागायतदार. मागची बाकं काढायची, पत्रा कापायचा, चासीला मागे लोखंडी चॅनेल जोडून लांबी वाढवायची आणि वर फळ्यांचा हौदा बांधायचा. कंपनीच्या कुठल्याही पुस्तकात न सापडणारी पिकअप अशी तयार झाली. भाजी, खत, उसाचं बेणं, दुधाचे कॅन आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची बाळंतीण, सगळं तिनं वाहिलं. आमच्या गाडीचा हौदा सागवानी फळ्यांचा आहे. फाळक्याची बिजागरी हातानं घडवलेली आहे. मागच्या पाट्यांत एक पाटा ट्रकचा आहे, बाकीच्यांपेक्षा जाड. तो कापून, तापवून, वाक कमी करून बसवलाय. वजन किती घालणार हे ज्याला माहीत होतं त्यानं तो घातला.

आता इंजिन. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलचा भाव कडाडला आणि हरिकेन इंजिनाची भूक शेतकऱ्याला परवडेना. डिझेल स्वस्त होतं आणि डिझेल इंजिन गावात आधीच आलेलं होतं, ट्रॅक्टरमध्ये. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी मिळून १९६३ मध्ये काढलेल्या कंपनीचा बी-२७५ ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्रात चांगलाच रुळला होता. उलटलेल्या, मोडलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये बसवायचं, ही कल्पना एकाच कोणाच्या डोक्यातून आली असेल असं मला वाटत नाही. गरज सगळीकडे सारखीच होती. पुढे कंपनीनं स्वतःही ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपला दिलं आणि त्यानंतर पूजोच्या परवान्याचं २११२ सीसीचं एक्सडीपी आलं, ज्याच्यावर सातारा-सांगली-कोल्हापूरची वडापं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपगाड्या, वर्षानुवर्षं धावली. पण आमच्या गाडीतलं काम कंपनीचं नाही. ते हाताचं आहे.

अडचण अशी की ट्रॅक्टरच्या इंजिनाची पाठ आणि जीपच्या गिअरबॉक्सचं तोंड जुळत नाही. भोकं वेगळी, व्यास वेगळा. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट घालावी लागते. तिला पुढून इंजिनाची भोकं, मागून गिअरबॉक्सची. ऐकायला सोपं आहे. पण क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत आला नाही तर पायलट बेअरिंग ओरडतं, क्लचप्लेटचा हब खातो आणि चढावर गिअर उडतो. ती प्लेट चेन ब्लॉकला टांगून, रॉकेलनं धुऊन, उन्हात नेऊन पाहिली. कडेला कानसेचे ओरखडे होते, एका दिशेनं, न थांबता मारलेले. प्रत्येक भोकाशेजारी सेंटर पंचानं ठिपके दिलेले: एक, दोन, तीन. वरच्या अंगाला छिन्नीनं कोरलेलं 'वर'. आणि समोरासमोर दोन भोकं अशी होती की ज्यांत बोल्ट कधी गेलाच नव्हता. ती गुळगुळीत रीमर मारलेली होती. त्यांत डॉवेल पिना होत्या. म्हणजे त्या मेस्त्रीनं आधी शाफ्टच्या मापाचा एक तुकडा लेथवर काढला असणार, तो क्रँकच्या पाठीत घालून त्याच्यावर गिअरबॉक्सचं तोंड बसवलं असणार, आणि मध्य जुळल्यावर पिना ठोकून तो कायमचा बांधून टाकला असणार. मी डायल गेज लावला. चार थाऊ. इंचाचे चार हजारांश भाग! कारखान्याच्या पुस्तकात पाच चालतात. त्याच्याकडे डायल गेज असण्याचा संभव फार कमी आहे.

प्लेटचे स्टड व्हिटवर्थचे आहेत. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं हे माप ठरवलं आणि इंग्रजांबरोबर ते आपल्या रेल्वेत, गिरण्यांत आणि मग गल्लीतल्या लेथवर येऊन बसलं. मेस्त्रीच्या पेटीत टॅप होते ते त्याचे. इथे एक खुबी आहे, जी मी मुलांना दरवर्षी हातात देऊन दाखवायचो. चार सुती, म्हणजे अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट अमेरिकी नटात जातच नाही. एकाला इंचात बारा आटे, दुसऱ्याला तेरा. पण तीन सुतीला दोघांचेही सोळा. तो हातानं सुरेख जातो, आणि तिथेच फसवतो. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकीचा ६०. अंगाला अंग बसत नाही, इंजिनाच्या थरथरीनं तो हळूहळू सैल होतो. आमच्या गाडीत असा एकही बोल्ट चुकीच्या ठिकाणी नव्हता. त्या माणसानं दोन्ही मापं वेगळी ठेवली होती.

एमएमचे बोल्ट नंतरचे. देशानं १९५६ मध्ये दशमान मापांचा कायदा केला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्यानं लागू केला. पण गॅरेजच्या भिंतीवर तेरा आणि सतराचे पाने यायला आणखी बराच काळ गेला. आजही फॅब्रिकेशनवाला चॅनेल सुतात मोजतो आणि बोल्ट एमएममध्ये मागतो.

या हातांना कोणी शिकवलं? आमच्या भागापुरतं उत्तर मी देऊ शकतो. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तिच्या मागे दापोडीची कार्यशाळा आणि गावोगावचे डेपो उभे राहिले. डेपोत शिकलेला मेकॅनिक निवृत्त होऊन गावात शेड टाकायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचं ओतकाम आधीपासून होतं. तिथे पॅटर्न नेला की गनमेटलचा बुश ओतून मिळायचा. पुण्याच्या नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला सुटे भाग. शेडमधलं पोर आधी भाग धुवायचं, मग पुठ्ठ्याचं गॅसकेट कापायला शिकायचं: पुठ्ठा ब्लॉकवर धरायचा आणि हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं टकटक मारत जायचं, कड आपोआप कापली जाते. ज्याचं गॅसकेट गळलं नाही त्याला पाना मिळायचा. खंडेनवमीला सगळे पाने धुऊन, हळद-कुंकू लावून पाटावर मांडायचे. त्या दिवशी एकही कमी निघाला तर मेस्त्रीचा पारा चढायचा, कारण वर्षाची मोजदाद तीच.

जुन्या जीपगाड्या नव्यासारख्या करून देणाऱ्यांची आता चांगली चलती आहे. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं मंडी डबवाली तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. माझा भाचा म्हणाला, हरिकेन इंजिन शोधू, हौदा काढू, १९६८ ची करू. मी ठाम नाही म्हणालो. १९६८ ची गाडी जी काही थोडी वर्षं सरकारी कामात होती, त्यापेक्षा कितीतरी जास्त ती मेस्त्र्यांच्या हातची पिकअप म्हणून जगली. ती प्लेट भंगारात घालून टोलेडोच्या चित्रासारखी गाडी करणं म्हणजे तिचं खरं चरित्र पुसणं आहे, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. रंगही खरवडून एकसारखा केलेला नाही. दाराच्या आतल्या बाजूला वरचा निळा, त्याखालचा पांढरा, त्याखालचा सरकारी हिरवा, तिन्ही राखलेत.

जिथे जीव टांगणीला लागतो तिथे मात्र जुनं राखायचा हट्ट केला नाही. ब्रेकचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि सगळ्या नळ्या नव्या. किंगपिनची बेअरिंगं नवी. चासीच्या जोडातलं एक वेल्डिंग तडकलेलं होतं. ते घासून परत मारून वर पट्टी घेतली. वायरिंग उंदरांनी खाल्लं होतं, ते पूर्ण नवं. इंजिनात फक्त रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, नोजल आणि पंपाचं कॅलिब्रेशन. संथ इंजिन आहे. हौसिंगात ४३ आणि ८ दात्यांची जोडी, त्यामुळे सपाट रस्त्यावर पन्नासच्या आसपासच ती खूश असते. पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नाही, तो डबल क्लच मारूनच घालावा लागतो. भाच्याला ते आता जमतं.

१ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते, त्या लिलावानं रस्त्यावर परत येत नाहीत, थेट भंगारात जातात. धूर आणि सुरक्षितता बघता त्या नियमाला कारण आहे. पण लिलावातून मेस्त्रीकडे, मेस्त्रीकडून शेतावर हा सत्तर-पाऊणशे वर्षांचा रस्ता त्यामुळे बंद झाला, आणि त्यावरचं काम करणारी शेवटची माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. उद्यमनगरातल्या कितीतरी फाउंड्र्यांच्या माळ्यावर अजून बुशांचे, हौसिंगांचे लाकडी पॅटर्न पडून आहेत, आणि थंडीत ते शेकोटीला जातात. आमच्या प्लेटचा पूर्ण मापांचा नकाशा मी काढून ठेवलाय, ठिपक्यांसकट, 'वर' या अक्षरांसकट. एक प्रत आमच्या जुन्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये लावायला दिली आहे. कोणाच्या शेडमध्ये अशी प्लेट, पॅटर्न किंवा मेस्त्रीची बिलांची वही असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिची मापं तेवढी घेऊन ठेवा. व्हर्निअर नसेल तर सुताची पट्टीही चालेल.