मैद्याच्या चाळणीपासून नक्षीच्या ग्लासापर्यंत



स्क्रीन प्रिंटिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात जाळीच्या कापडाला आजही ‘बोल्टिंग’ म्हणतात. हा शब्द मुळात छपाईचा नाही, पिठाच्या गिरणीचा आहे. युरोप-अमेरिकेतल्या गिरण्यांत मैदा चाळायला बारीक विणीचे रेशमी कापड लावत, ते बोल्टिंग क्लॉथ. १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी चौकटीवर ताणलेल्या रेशमातून छपाई करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. चाळणीतून पिठाऐवजी रंग गाळायचा, एवढीच युक्ती!

त्यामागची कल्पना मात्र जपानची. तिथले कारागीर तुतीच्या सालीच्या कागदाचे थर पर्सिमॉन फळाच्या रसाने चिकटवून त्यात नक्षी कोरत. नाजूक नक्षी फाटू नये म्हणून मध्ये रेशमाचे धागे बसवत.

काचेच्या ग्लासावर किंवा चिनी मातीच्या कपावर चौकट नीट टेकत नाही, कारण त्यांना गोलाई असते. त्यासाठी चित्र आधी कागदावर छापून मग भांड्यावर उतरवायचे. हा मार्ग तर स्क्रीनहूनही जुना. १७५६ साली लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी शपथपत्रावर सांगितले, की आपण सहा तासांत १२०० हून अधिक फरशांवर चित्रे छापली. पुढे वेजवुडची भांडीही छपाईसाठी त्यांच्याकडे जाऊ लागली.

आजचे डेकॅल त्याच घराण्यातले. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर स्क्रीनने छापलेले चित्र, वर पारदर्शक लॅकर. पाण्यात भिजवले की डिंक सुटतो, चित्र अलगद सरकवून काचेवर बसवायचे आणि खालचे पाणी रबराने निपटून काढायचे.

आता आपल्या घरासाठी महत्त्वाचे. रेशमासाठी कोश उकळत्या पाण्यात टाकतात, हे आपण जाणतो. पण जाळीवर नक्षी उमटवायलाही पूर्वी जिलेटिन लागे, म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी. पोटॅशियम डायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन उजेडात घट्ट होते. हा गुण छपाईसाठी वापरण्याचे पेटंट फॉक्स टॅलबॉट यांनी १८५२ मध्येच घेतले होते. पुढे नायलॉन-पॉलिएस्टरची जाळी आली आणि जिलेटिनच्या जागी पीव्हीए आले. हे दयेपोटी झाले नाही. रेशीम महाग, पाण्याने सैल पडणारे, म्हणून बदलले. हिशेबाने का होईना, जीव वाचले. आपण मात्र समजून-उमजून निवडू शकतो. दुकानात विचारावे, “इमल्शन पीव्हीएचे आहे ना?” बिनडायक्रोमेटचेही मिळते, तेच घ्यावे. डायक्रोमेट विषारी आहे, मोरीत ओतले तर पाण्यातल्या जिवांना बाधते.

दुसरा प्रश्न आगीचा. काचेचा खरा इनॅमल रंग साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला काचेत मुरतो. आपला ओव्हन २५० च्या आसपास थांबतो. म्हणून घरी केलेली नक्षी बहुधा काचेच्या वरच बसलेली असते, ती घासणीने निघू शकते. आणि जुन्या इनॅमलमध्ये शिसे, तर लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असे. २०१० साली अमेरिकेत एका खाद्यसाखळीने विकलेले सुमारे १ कोटी २० लाख चित्रांचे ग्लास कॅडमियममुळे परत मागवले गेले. एवढ्या मोठ्या कारखानदारीत हे झाले, तर घरी किती जपायला हवे!

म्हणून माझे नियम साधे. नक्षी बाहेरच्या बाजूनेच, आणि काठापासून निदान २० मिलिमीटर खाली, म्हणजे ओठ लागत नाहीत. रंगाची भांडी, चमचे स्वयंपाकघरात परत आणायचे नाहीत.

थोडा वाणिज्याचा हिशेबही सांगते. चौकट, जाळी, इमल्शन हा खर्च एका ग्लासाला तेवढाच आणि शंभरांना तेवढाच. त्यात प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. तेव्हा प्रभावनेसाठी पुष्कळ नग हवे असतील तर एकाच रंगाची नक्षी घ्यावी आणि ग्लासाऐवजी काचेच्या बरण्या किंवा दिव्यांच्या चिमण्या छापाव्यात. चिमणीला पाणी-साबण कमी लागतो, तोंडाशी तर ती जातच नाही. नक्षीही टिकते आणि मनही निश्चिंत राहते.