फुकट, पण स्वस्त नाही

‘प्रवेश विनामूल्य’ ही ओळ आपण वाचतो आणि पुढे स्क्रोल करतो. आमच्या जालन्यात मात्र या ओळीला इतिहास आहे. सप्टेंबर १९४८पर्यंत हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथं तिकिटाआधी प्रश्न परवानगीचा होता. ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानानं जाहीर सभा जखडून टाकल्या होत्या. १९२३ची हैदराबाद राजकीय परिषद तर संस्थानाबाहेर, काकिनाड्याला भरवावी लागली.

आज जुन्या जालन्यात आषाढीला आनंदी स्वामींची यात्रा भरते. कीर्तनाला तिकीट नसतं. ज्याला जमेल त्यानं आरतीच्या ताटात टाकावं. मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडचं फुकट म्हणजे ट्रायल, महिन्याभरानं कार्ड मागणारी. इथलं फुकट तसं नाही, पण खर्च असतोच: मंडप, पेटी, तबला, कीर्तनकाराची बिदागी. तो सगळे वाटून घेतात, म्हणून खिसा रिकामा असलेलाही पुढच्या रांगेत बसतो.

म्हणून एखादा पार किंवा मैदान पार्किंगला देताना आधी हिशेब करावा. इथं जाहीर सभेसाठी एकेकाळी परवानगी मागावी लागत होती.