ज्येष्ठ मधुमेहींसाठी ॲक्युप्रेशर : आधी साखर तपासा, मग बिंदू दाबा

माणिकपूर : सकाळी फिरायला निघालेल्या ज्येष्ठांच्या गप्पांत मधुमेह आणि जिवाची घालमेल हे विषय हमखास निघतात. त्यापाठोपाठ ॲक्युप्रेशरचा सल्लाही येतो. माणिकपूरही त्याला अपवाद नाही. उपचार बिनखर्चाचा आणि घरच्या घरी करण्याजोगा आहे. मात्र मधुमेहींनी त्याच्या मर्यादा ओळखणे अगत्याचे आहे.

पद्धती काय आहे?
चिनी वैद्यकातील ॲक्युपंक्चरमध्ये ज्या बिंदूंवर सुया टोचतात, त्यांवर बोटांनी दाब देणे म्हणजे ॲक्युप्रेशर. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय डॉ. बी. के. बसू यांना दिले जाते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यात तेही होते. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला.

कोणते बिंदू?
मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, मधल्या दोन कंडरांमध्ये ‘नेइगुआन’ हा बिंदू असतो. ‘शेनमेन’ मनगटाच्या घडीवरच, करंगळीच्या बाजूस असतो. संथ श्वास घेत अंगठ्याने एक-दोन मिनिटे सोसेल इतका दाब द्यावा. अशा दाबाने चिंता काहीशी निवळते, असे काही छोट्या अभ्यासांत आढळले आहे. रक्तातील साखर कमी होण्याबाबतचा पुरावा मात्र तुटपुंजा आहे. त्यामुळे गोळ्या वा इन्सुलिन परस्पर बंद करू नये.

घाबरे की साखर उतरली?
घाम, थरथर आणि धडधड ही लक्षणे चिंतेत दिसतात, तशीच साखर उतरल्यावरही. म्हणून प्रथम ग्लुकोमीटरने तपासणी करावी. साखर ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. यंत्र हाताशी नसेल, तरी साखर घ्यावी. शुद्ध हरपत असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. छातीत दुखणे वा धाप लागणे, यांतही बिंदू दाबत बसू नये.

पायांना जपा
दीर्घकालीन मधुमेहात तळपायांची संवेदना मंदावते. टोकदार ॲक्युप्रेशर चपला किंवा लाकडी रोलर यांनी झालेली जखम लक्षात येत नाही आणि ती चिघळू शकते. अशांनी ही साधने टाळावीत आणि तळपाय रोज पाहावेत. जखम वा सूज असलेल्या जागी दाब देऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

मनगटावरचा दाब मनाला उसंत देईल. साखरेचा हिशेब मात्र औषध, आहार, व्यायाम आणि नियमित तपासणी यांवरच राखावा लागेल.