सॉव्हरेन्टी आणि सुझरेन्टी : दोन शब्दांमधले अंतर

१/ इंग्रजीतील ‘सॉव्हरेन्टी’ आणि ‘सुझरेन्टी’ हे शब्द ऐकायला जुळ्या भावंडांसारखे आहेत. दोहोंच्या मुळाशी ‘वर’ हाच अर्थ आहे. तरीही त्यांच्यातील अंतर दोन देशांना फार महागात पडले.

२/ सॉव्हरेन्टी म्हणजे सार्वभौमत्व : आपल्या भूमीवर अंतिम अधिकार आपलाच. सुझरेन्टी म्हणजे अधिसत्ता : मांडलिक घरचा कारभार स्वतः पाहतो, परंतु परराष्ट्र व्यवहारात वरिष्ठ सत्तेच्या अधीन राहतो. हा दुसरा शब्द युरोपातील सरंजामशाहीतून आला. त्याच्या सीमा धूसर होत्या आणि साम्राज्यांना तो नेमका म्हणूनच सोयीचा वाटे.

३/ पहिले उदाहरण ट्रान्सवालचे. १८८१ मध्ये माजुबाच्या डोंगरावर बोअरांनी ब्रिटिशांचा पराभव केला. त्याच वर्षीच्या प्रिटोरिया कराराने त्यांना स्वराज्य मिळाले, पण राणीच्या सुझरेन्टीखाली. १८८४ च्या लंडन करारात हा शब्द उरला नाही. अधिसत्ता संपली, असे बोअरांनी मानले.

४/ पुढे १८८६ मध्ये तेथे सोन्याच्या खाणी सापडल्या. १८९७ मध्ये वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी १८८१ ची प्रस्तावना, आणि म्हणून सुझरेन्टीही, कायम असल्याचा दावा केला. १८९९ मध्ये युद्ध पेटले. त्यामागे सोने होते, परकीय रहिवाशांच्या मताधिकाराचा वाद होता आणि हा गळालेला शब्दही होता.

५/ दुसरे उदाहरण तिबेटचे. १९०७ च्या करारात ब्रिटन आणि रशिया यांनी तिबेटवर चीनची सुझरेन्टी मान्य केली. त्या करारावर ना तिबेटची सही होती, ना चीनची. १९१४ च्या सिमला परिषदेतील मसुद्यात चीनची सुझरेन्टी आणि बाह्य तिबेटची स्वायत्तता एकत्र नांदत होती. चीनने अंतिम स्वाक्षरी नाकारली.

६/ १९५० मध्ये चिनी सैन्य तिबेटात शिरले. एल साल्वादोरने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला, तेव्हा तिबेटचे कायदेशीर स्थान स्पष्ट नाही, अशी भूमिका ब्रिटनने घेतली. ही अस्पष्टता ज्या शब्दामुळे निर्माण झाली, तो करारांत घालण्यात ब्रिटनचाच मोठा वाटा होता. चर्चा लांबणीवर पडली. २००८ मध्ये ब्रिटनने सुझरेन्टीची ही जुनी भूमिका कालबाह्य ठरवून सोडून दिली.

७/ म्हणून मित्रहो, जुना करार वाचताना केवळ कलमे पाहू नका. शब्द कोणी निवडला, सही कोणी केली आणि ज्याच्या भूमीविषयी तो होता त्याला कोणी विचारले का, हेही पाहा.