अजगर, हौशी पाळणारे आणि कायद्यातील एक शब्द

कायद्याचा लाभ ज्यांना व्हायचा असतो ते बहुधा गप्प असतात आणि ज्यांच्यावर त्याचा भार पडतो ते बोलतात, हा प्रशासनातील जुना अनुभव आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली 'द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह अॅक्शन' या ग्रंथात याची मीमांसा केली. लाभ कोट्यवधींत विखुरलेला आणि तोटा मूठभरांवर एकवटलेला असेल तर ते मूठभर संघटित होतात. या सिद्धान्ताचे एक विलक्षण उदाहरण अमेरिकेत अजगर पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या लढ्यात सापडते. विषय ऐकून वाचकांना हसू येईल. परंतु सरकारचे अधिकार कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, हा प्रश्न या लढ्यात जितक्या स्वच्छपणे पुढे आला तितका तो मोठमोठ्या खटल्यांतही क्वचितच येतो.

या कथेचा आरंभ १९०० सालच्या लेसी कायद्यापासून होतो. आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने शिकारीच्या अवैध व्यापाराला आळा घातलाच, शिवाय परक्या उपद्रवी प्राण्यांच्या आयातीवरही बंदी घातली. त्या पहिल्या यादीत आपला मुंगूसही होता. १८७२ साली कलकत्त्याहून जमैकात आणि १८८३ साली हवाईत उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी नेलेल्या मुंगसांनी उंदरांइतकाच स्थानिक पक्ष्यांचाही फडशा पाडला होता. १९६० साली कायद्याच्या या भागात दुरुस्ती होऊन सरपटणारे प्राणी त्याच्या कक्षेत आले. याच दुरुस्तीत आयातीखेरीज देशांतर्गत वाहतुकीवरही बंदी आली. ही बंदी खंडीय अमेरिका, कोलंबिया जिल्हा, हवाई, पोर्तो रिको आणि अमेरिकेच्या अन्य ताब्यातील प्रदेश यांच्या 'दरम्यान' होणाऱ्या वाहतुकीवर होती. या एका शब्दाचा अर्थ काय, हे पन्नासहून अधिक वर्षे कोणी न्यायालयात विचारले नाही.

परक्या सापाने काय होऊ शकते याचा धडा अमेरिकेला ग्वाम बेटावर मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, बहुधा लष्करी मालासोबत, तेथे पोहोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने बेटावरील बहुतेक स्थानिक वनपक्षी संपवले. या सापाला १९९० साली उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकले गेले, तोवर पक्षी गेलेले होते. ग्वामच्याच प्रतिनिधी मॅडलिन बोर्डालो यांनी २००९ साली एक विधेयक मांडले. कोणताही परका प्राणी आणण्यापूर्वी त्याचा धोका तपासावा आणि निर्धोक ठरलेल्यांचीच आयात होऊ द्यावी, असा त्याचा आशय होता. पाळीव प्राण्यांचे व्यापारी आणि हौशी लोक यांनी पत्रांचा असा वर्षाव केला की विधेयक सुनावणीपलीकडे गेले नाही.

दरम्यान फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण पाणथळीत ब्रह्मदेशी अजगर स्थिरावला होता. १९९२ सालच्या अँड्र्यू चक्रीवादळात पैदास केंद्र उद्ध्वस्त होऊन अजगर सुटले, अशी कथा नेहमी सांगितली जाते. परंतु त्यापूर्वीही ते तेथे दिसल्याच्या नोंदी आहेत. घरात न मावणारे अजगर लोकांनी सोडून दिले, हेही तितकेच खरे. जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार त्या परिसरात रकून दिसण्याचे प्रमाण ९९.३ टक्के आणि ओपॉसमचे ९८.९ टक्के घटले होते. त्याच महिन्यात मत्स्य व वन्यजीव सेवेने ब्रह्मदेशी अजगरासह चार जातींना उपद्रवी ठरवले. विचाराधीन जाती नऊ होत्या. २०१५ साली आणखी चार यादीत आल्या आणि बोआ कन्स्ट्रिक्टर वगळला गेला.

या अधिसूचनेने दोन गोष्टी घडल्या. आयात थांबली. शिवाय, विभागाच्या अर्थानुसार, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात असा साप नेणे हाही सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरला. ओहायोतील माणसाची इंडियानात बदली झाली तर पंधरा वर्षे पाळलेला अजगर त्याला सोबत नेता येणार नव्हता. पाळणाऱ्यांचे म्हणणे असे, की हा साप थंडीत तगत नाही. प्रश्न फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचा आहे. मग त्यासाठी मिनेसोटातील माणसाला गुन्हेगार का ठरवता? हे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. २००८ साली सरकारी शास्त्रज्ञांनी काढलेल्या नकाशात अमेरिकेचा मोठा दक्षिण भाग अजगराला राहण्यायोग्य दाखवला होता. त्याच वर्षी अन्य संशोधकांनी वेगळ्या पद्धतीने तो बराच आकुंचित दाखवला. जानेवारी २०१० च्या थंडीच्या लाटेत फ्लोरिडातच बरेच अजगर मेले. मात्र सगळे मेले नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पाळणाऱ्यांची संघटना, 'यूनायटेड स्टेट्स असोसिएशन ऑफ रेप्टाइल कीपर्स', २०१३ च्या डिसेंबरात न्यायालयात गेली. तेथे तिचा प्रभावी युक्तिवाद अजगरांविषयी नव्हताच. तो व्याकरणाविषयी होता. कायद्यात सांगितलेली बंदी यादीतील प्रदेशांच्या परस्परांदरम्यान आहे. खंडीय अमेरिका हा त्या यादीतील एकच घटक आहे. मग त्या घटकाच्या पोटातील एकोणपन्नास राज्यांमधील वाहतूक तिच्यात कशी येते? सरकारचे उत्तर दीर्घ प्रथेचे होते: आम्ही वर्षानुवर्षे हाच अर्थ लावत आलो आहोत. २०१५ साली जिल्हा न्यायालयाने जाळीदार अजगर आणि हिरवा अॅनाकोंडा यांच्यापुरता सदस्यांना तात्पुरता दिलासा दिला. ७ एप्रिल २०१७ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. निकाल लिहिला तो चंडीगढ येथे जन्मलेले न्यायाधीश श्री श्रीनिवासन यांनी. संघटनेचा अर्थ मान्य केल्यास कोलंबिया जिल्ह्यापुरती विसंगती उरते, हे निकालात मान्य केले आहे. तरीही कायद्याच्या शब्दांत नसलेला अधिकार प्रथेने निर्माण होत नाही, असा त्याचा मथितार्थ. आयातबंदी राहिली, हवाईसारख्या प्रदेशांकडील वाहतुकीवरची बंदी राहिली. खंडातील राज्याराज्यांमधील बंदी गेली.

माझ्या मते हा निकाल योग्य होता, आणि तो एव्हरग्लेड्ससाठी दुःखद होता. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. हेतू चांगला आहे म्हणून अधिकार गृहीत धरणारा विभाग उद्या वाईट हेतूनेही तेच करील. उणीव कायद्यात असेल तर ती संसदेने भरावी. तसा प्रयत्न झालाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या एका अवाढव्य औद्योगिक विधेयकात राज्याराज्यांमधील बंदी परत आणणारे कलम होते. पाळणाऱ्यांनी पुन्हा मोहीम उघडली आणि ऑगस्टमध्ये कायदा झाला तेव्हा ते कलम त्यात नव्हते. ओल्सन यांना याचे आश्चर्य वाटले नसते. रकून पत्रे लिहीत नाहीत.

या कथेचा भारताशी दोन ठिकाणी संबंध येतो. पहिला माणसांचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर १९७६ साली सापाच्या कातड्यांची निर्यात बंद झाली आणि तमिळनाडूतील इरुळ जमातीचा उदरनिर्वाह बुडाला. त्यांच्यापाशी वकिलांची फौज नव्हती. १९७८ साली चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. परवान्याने साप पकडायचे, विष काढायचे, साप पुन्हा सोडायचे. बंदी कायम राहिली आणि कौशल्यही जिवंत राहिले. २०१७ च्या जानेवारीत, म्हणजे वर उल्लेखिलेल्या निकालाच्या तीनच महिने आधी, याच जमातीचे मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल फ्लोरिडाच्या निमंत्रणावरून एव्हरग्लेड्सला गेले. दोन आठवड्यांच्या आतच त्यांच्या मदतीने तेरा अजगर पकडले गेले. २०१३ साली तेथे शेकडो शिकाऱ्यांच्या जाहीर स्पर्धेत महिनाभरात अडुसष्ट मिळाले होते. २०२३ साली या दोघांना पद्मश्री देण्यात आली.

दुसरा संबंध कायद्याचा. आपल्याकडे देशी अजगर वा तारांकित कासव पाळणे हा गुन्हा आहे. परंतु परदेशी इग्वाना, बॉल पायथन यांच्याविषयी कायदा बराच काळ जवळजवळ मूक होता. जून २०२० मध्ये केंद्राने स्वेच्छा प्रकटीकरणाची योजना आणली. सहा महिन्यांत माहिती दिल्यास कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आंतरराष्ट्रीय करारातील जातींची नोंदणी बंधनकारक केली आणि २०२४ साली तिचे नियम आले. याच दुरुस्तीतील ६२-अ हे कलम परक्या आक्रमक जातींची आयात, व्यापार, बाळगणे आणि प्रसार या चारही गोष्टींचे नियमन वा बंदी करण्याचा अधिकार केंद्राला स्पष्ट शब्दांत देते. अमेरिकेत जी पोकळी पन्नासहून अधिक वर्षांनी उघडी पडली, ती आपल्या मसुदाकारांनी आधीच बुजवली आहे.

तथापि शब्द पुरेसे असले म्हणजे काम झाले असे नाही. नोंदणी न केलेला अजगर पाळणारा माणूस भीतीपोटी त्याला रात्री एखाद्या तलावाकाठी सोडून येतो, तेव्हा सर्वांत कडक कायदाच सर्वांत मोठी हानी करतो. फ्लोरिडाने २००६ पासून नको झालेले प्राणी दंडाशिवाय स्वीकारण्याचे दिवस ठेवले, ते याच जाणिवेतून. आपल्या अभय योजनेची मुदत मात्र संपली आहे. पाळणाऱ्याला शत्रू न मानता, त्याच्या हातातील प्राणी विनासायास परत घेणारी एखादी कायमची खिडकी प्रत्येक राज्याच्या वनखात्यात असली पाहिजे. तिचा खर्च अल्प आहे. तिच्या अभावाचा खर्च किती असतो, हे एव्हरग्लेड्सने दाखवून दिले आहे.